बाराबंदी, सुई आणि दोरा

आज लढाया नाहीत, गडकोट नाहीत. आज बाराबंदी, आणि तीही हाताने शिवलेली.

मी भिलाईतून बोलतेय. इकडे मराठी माणूस पोलाद कारखान्यामागून आला, असं बहुतेकांना वाटतं. १९५९ साली पहिली भट्टी पेटली, त्या काळात बरेच आले, हे खरंच. पण बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार बघत होते. त्यांच्या शिबंदीतला साधा माणूस काय घालत असेल?

संग्रहालयात शोधलं तर सापडतात सरदारांचे जरीचे अंगरखे. गरिबाचं कापड विरेपर्यंत अंगावर राहायचं आणि मग गोधडीत जायचं. पुरावाच पांघरून झोपायचे म्हणा ना! म्हणून अशा कपड्याचा इतिहास जुन्या चित्रांत शोधावा लागतो, नाहीतर जिथे तो अजून घातला जातो तिथे. सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज घेऊन निघणारे मानकरी आजही पांढरी बाराबंदीच घालतात. शिवजयंतीला भाड्याने मिळते ती चकचकीत सॅटिनची, मागे वेल्क्रो लावलेली. तिच्यावरून इतिहास शिकू नका.

आता शिवू या. मोठ्या माणसाला साधारण तीन मीटर मांजरपाट घ्या. रात्रभर भिजवून वाळवा, म्हणजे शिवल्यावर आटायचा नाही. पाठ, पुढचे दोन पल्ले, बाह्या, सगळं सरळ कापायचं. घेरासाठी बाजूंना तिरक्या कळ्या. हातमागाच्या कापडाचा पन्हा अरुंद, आणि विणायला दिवस गेलेले. गोलाई काढत बसलं तर चिंध्याच जास्त.

खरी गंमत काखेत आहे. तिथे दहा सेंटीमीटरचा एक चौकोनी तुकडा कर्णावर दुमडून बसतो. सरळ बाही सरळ अंगाला नुसती जोडली, तर हात वर करताच शिवण ताणते आणि उसवते. हा चौकोन तो ताण घेतो. भाला फेकायचा असो की आमच्यासारखं दोरीवर कपडे वाळत घालायचे असोत, हात मोकळा हवा. हा तुकडा लावायला मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो, पण तो गाळू नका.

धावदोरा घाला, दर चार-पाच टाक्यांनी एक उलटी टीप. मग एक कड दुसरीवर दुमडून तुरपा. हातशिलाई मशीनपेक्षा कच्ची, असं म्हणतात. ताणाच्या जागी उलटी टीप घट्ट घातली, तर मला तसा अनुभव नाही. शिवाय ती सहज उसवता येते, आणि कपडा जुना झाला की गोधडीला सरळ, मोठे तुकडे मिळतात.

शेवटी बंद. काज-बटणाचा प्रश्नच नाही; ‘काज’ हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. चार सेंटीमीटर रुंद, पंचवीस लांब अशा बारा पट्ट्या कापा, चौपदरी दुमडून तुरपा. बारा बंद म्हणजे सहा गाठी. आतल्या पल्ल्याच्या गाठी आधी मारायच्या, मग बाहेरचा पल्ला वर घ्यायचा. माणूस जाड झाला, बारीक झाला, तरी गाठ जरा इकडे-तिकडे सरकते, कपडा तोच राहतो.