शंखी गोगलगायीचे भारतातील आगमन

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण वरून गरीब पण आतून कावेबाज अशा माणसाविषयी योजिली जाते. प्राणिशास्त्रज्ञांनी या वर्गास दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थही ‘पोट हाच ज्याचा पाय’ असाच होतो. म्हणीतील गोगलगाय मात्र येथलीच होय. आज ‘शंखी’ हे विशेषण लावून जिचा उल्लेख करावा लागतो ती परदेशाहून आलेली असून तिच्या आगमनाचे वर्षही ज्ञात आहे.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचा उष्ण व दमट प्रदेश हे तिचे मूलस्थान. बाउडिच याने १८२२ मध्ये तिचे शास्त्रीय नामकरण केले. मादागास्करमार्गे ती मॉरिशसला पोचली आणि तेथून १८४७ मध्ये विल्यम हेन्री बेन्सन याने काही जिवंत गोगलगायी कलकत्त्यास आणल्या. बेन्सन हा बंगालमधील मुलकी अधिकारी व शंखांचा व्यासंगी अभ्यासक होता. चौरंगीतील एका बागेत त्या सोडण्यात आल्या. यामागे व्यापार नव्हता. होते ते केवळ कुतूहल. पुढे १९०० च्या सुमारास ती श्रीलंकेत आढळू लागली व नंतर पॅसिफिक बेटांपर्यंत पसरली.

असा दमट हवेतील प्राणी दख्खनच्या पर्जन्यछायेत तगणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुका, जेथे रेहेकुरीच्या माळावर काळवीट चरतात, अशाच कोरड्या प्रदेशात मोडतो. परंतु अवर्षणात ही गोगलगाय शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून कित्येक महिने निपचित राहते. पाऊस पडताच ती बाहेर येते. प्रत्येक गोगलगायीत स्त्री व पुरुष ही दोन्ही लिंगे असून एका खेपेस ती शंभराहून अधिक अंडी घालू शकते. २०२२ च्या खरिपात शेजारच्या बीड जिल्ह्यात, तसेच लातूर व धाराशिव येथे सोयाबीनची कोवळी रोपे तिने फस्त केली.

उपाय योजतानाही इतिहास विसरून चालत नाही. हिच्या नाशासाठी हवाई बेटांत १९५५ मध्ये दुसरी मांसाहारी गोगलगाय आणली गेली. तिने तेथील स्थानिक वृक्षवासी गोगलगायींचाच संहार केला. त्या मानाने पहिल्या पावसानंतर बांधावर गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे टाकून, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडविणे, हा श्रमाचा परंतु निर्धोक मार्ग होय. तो गावाने एकत्र येऊन अवलंबिला तरच फलद्रूप होतो. कारण एका शेतातून हटविलेली गोगलगाय शेजारच्या बांधावरून पुन्हा येते.