देवळाचा सभामंडप आणि मतपेटी

निवडणुका जवळ आल्या की देवस्थानांच्या व ज्ञातिसंस्थांच्या विश्वस्तांकडे एक मागणी हमखास येते : उत्सवाच्या दिवशी आपल्या माणसाला चार शब्द बोलू द्या. मागणारा बहुधा घरचाच असतो, म्हणून नकार जड जातो. अशा वेळी कायद्याचा केवळ धाक दाखविण्यापेक्षा तो कसा घडत गेला हे ज्ञातिबांधवांपुढे मांडणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने जात, वंश, जमात किंवा धर्म यांच्या नावाने मतांसाठी 'पद्धतशीर' आवाहन करणे निषिद्ध ठरविले. १९५४ साली भाषणस्वातंत्र्याच्या आधाराने या तरतुदीस आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. १९६१ साली 'पद्धतशीर' हा शब्दच गाळण्यात आला आणि एकदाच केलेले आवाहनही उमेदवारास भोवू शकेल अशी स्थिती आली.

या इतिहासातील सर्वांत उद्बोधक खटला मात्र १९५९ सालचा, 'राम दयाल विरुद्ध संत लाल' हा होय. तेव्हाच्या पंजाबातील सिरसा मतदारसंघात नामधारी पंथाच्या सद्गुरूंच्या नावाने, अमुक उमेदवारासच मत द्यावे, असा आदेश अनुयायांकरिता निघाला होता. धर्मगुरूने राजकारणात तोंड उघडूच नये, असे न्यायालयाने म्हटले नाही. इतर नागरिकांप्रमाणे त्यालाही उमेदवारांच्या गुणावगुणांविषयी मत सांगण्याचा, प्रचार करण्याचाही अधिकार आहे. परंतु आज्ञा मोडल्यास दैवी कोप होईल, अशा भयाने अनुयायाला निवडीची मोकळीकच उरत नसेल, तर तो अनुचित दबाव ठरतो. निवडणूक रद्द झाली. सल्ला आणि फर्मान यांतील ही रेषा आम्हांस फार मोलाची वाटते. आपल्याकडील 'पंचांचा शब्द' तिच्या कोणत्या बाजूस पडतो, हे ज्येष्ठांनी मनाशी पडताळून पाहावे.

ती मोकळीक व्यक्तीची होती. वास्तू आणि पैसा यांचा प्रश्न १९८८ च्या धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायद्याने मिटविला. देवस्थानाची जागा, निधी, उत्सव वा मिरवणूक यांपैकी काहीही राजकीय कार्यासाठी वापरू देता येत नाही. दोषी व्यवस्थापकास पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा 'घरचा माणूस' ही सबब येथे चालत नाही.

२ जानेवारी २०१७ रोजी सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी ठरविले की, केवळ उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्याही धर्माच्या वा जातीच्या नावाने आवाहन करणे हा भ्रष्ट मार्ग होय. जातीमुळे सोसाव्या लागलेल्या अन्यायाची चर्चा निवडणुकीत होणे हा लोकशाहीचाच भाग आहे, असे अल्पमतातील न्यायाधीशांचे म्हणणे होते. आम्हांस त्यात तथ्य दिसते. परंतु बंधनकारक आहे ते बहुमत.

तरीही संस्थेस हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींची नावे मतदार यादीत आहेत की नाहीत हे पाहावे, घरातील स्त्रियांनी आपल्या मताने मत द्यावे असे सांगावे. एखाद्या विश्वस्तास प्रचार करावयाचाच असेल तर त्याने तो नागरिक म्हणून, संस्थेचे नाव व शिक्का घरी ठेवून, देवळाच्या आवाराबाहेर करावा.