पाठीवरचे रुपेरी बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्या घराण्यांना नवी नाही. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या कित्येक मराठी कुटुंबांचा पहिला मुक्काम राहुटीतच पडला होता. दौलतराव शिंदे यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पडली ती उठलीच नाही. तिचे शहर झाले, तरी नाव मात्र ‘लष्कर’ हेच राहिले. आपल्याकडे अशा रीतीने राहुट्यांची घरे झाली. विसाव्या शतकातील अमेरिकेत नेमके उलट घडले. पक्क्या घरांत राहणाऱ्या माणसांना चाकांवरच्या घराची ओढ लागली. मोटारीमागे जोडून न्यावयाच्या या घरांत सर्वांत नामांकित ठरले ते ‘एअरस्ट्रीम’ नावाचे ॲल्युमिनियमचे ट्रेलर. त्यांचा इतिहास आणि आज चाललेली त्यांची डागडुजी या दोहोंचा विचार येथे करावयाचा आहे. कारण जुने जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न तेथे पत्र्यावर आणि फळीवर सोडवावा लागतो.

या ट्रेलरचा जनक वॉली बायम (१८९६–१९६२) हा ओरेगॉन राज्यातला. पोरवयात मेंढ्या राखताना तो एका लहानशा दुचाकी गाड्यात राहत असे. रॉकेलची चूल, शिधा, अंथरूण आणि पाण्याची बादली एवढाच त्याचा संसार. पुढे त्याने मोटारीच्या सांगाड्यावर तंबू उभारून पाहिला, मग लाकडी ट्रेलर बांधले, त्यांचे आराखडे विकले आणि १९३१ साली कॅलिफोर्नियात स्वतःचा व्यवसाय थाटला. ॲल्युमिनियमची कल्पना मात्र मूळची त्याची नव्हे. हॉली बोलस हा विनाइंजिनाच्या विमानांचा रचनाकार. लिंडबर्गने १९२७ साली ज्या विमानातून अटलांटिक ओलांडला, त्या विमानाच्या बांधणीवर देखरेख याचीच होती. १९३४ साली बोलसने विमानाच्या धडासारखा ट्रेलर तयार केला. कमानींवर पातळ पत्रा ताणून तो रिव्हेटने जडवायचा, म्हणजे भार एकट्या सांगाड्यावर न राहता पत्राही तो पेलतो, वजन घटते आणि वाऱ्याचा अडसर कमी होतो. बोलसचा व्यवसाय टिकला नाही. बायमने ती रचना उचलली, पुढच्या टोकाला असलेले दार बाजूला घेतले आणि १९३६ च्या जानेवारीत ‘क्लिपर’ हा ट्रेलर बाजारात आणला.

दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळले आणि ट्रेलर थांबले. बायम स्वतः विमान कारखान्यात कामाला लागला. शांतता झाल्यावर विमानाचे कसब पुन्हा रस्त्यावर उतरले. आपल्याकडेही सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० साली बंगळूर येथे निघालेल्या विमान कारखान्याने युद्धानंतर रेल्वेचे डबे बांधले, हे येथे आठवते. १९५२ साली ओहायो राज्यातील जॅक्सन सेंटर या गावी एअरस्ट्रीमचा कारखाना निघाला आणि ते गाव आजही या ट्रेलरांचे माहेर आहे. बायमने ट्रेलरांचे तांडेही काढले. १९५९ साली एक तांडा केपटाऊनहून कैरोकडे निघाला. त्याच्या मृत्यूनंतर १९६३-६४ मध्ये दुसरा तांडा सिंगापूरहून, भारतातून मार्ग काढीत, लिस्बनला पोहोचला.

हे ट्रेलर टिकाऊ खरे. पण टिकते ते काय, आणि कुजते ते काय? बाहेरचा पत्रा पन्नास-साठ वर्षांनंतरही बहुधा शाबूत असतो. झीज होते ती तळाशी. पोलादी चौकटीवर प्लायवुडची जमीन, त्या जमिनीच्या कडेवर पन्हळीसारखी ॲल्युमिनियमची पट्टी आणि पट्टीला जडवलेले कवच, अशी ही रचना आहे. खिडकीच्या सुकलेल्या रबरातून, छताच्या झडपेच्या सांध्यातून किंवा मागच्या झाकणाच्या फटीतून थेंब शिरतो आणि आतल्या व बाहेरच्या पत्र्यांमधील पोकळीतून न दिसता खाली उतरतो. जमिनीची कड वर्षानुवर्षे ओली राहून भुसभुशीत होते. फळी कुजली की कवच आणि चौकट यांचा धरबंध सुटतो. शिवाय पोलाद व ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना भिडले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. म्हणून जाणता गिऱ्हाईक चकाकीकडे पाहत नाही. तो गुडघ्यावर बसून कडेकडेने आरीचे टोक जमिनीत रुतवून पाहतो. मग मागच्या बंपरवर उभा राहून भार देतो. बंपर खाली गेला आणि कवच जागच्या जागी राहिले, तर मागचा भाग चौकटीपासून सुटला आहे असे समजावे.

पुढचे काम धीराचे आहे. सामानाची छायाचित्रे घेऊन, प्रत्येक कपाटाला क्रमांक देऊन ते बाहेर काढतात. आतल्या पत्र्याचे शेकडो रिव्हेट एकेक करून छिद्रकाने सोडवतात. मागे उंदरांची घरटी झालेली काचतंतूंची गादी निघते. कधी पत्र्याच्या पाठीवर कारागिराने पेन्सिलीने केलेली खूणही सापडते. मग कवचाला आतून आडवे-उभे टेकू देऊन ते संपूर्ण उचलतात. खालची चौकट घासून, जिथे गंजली तिथे जोड देऊन रंगवतात. जुनी जमीन कितीही कुजलेली असली तरी आधी फेकत नाहीत, कारण नव्या फळीच्या गोलाईचे माप तीच देते. कवच पुन्हा बसले की आतला पत्रा लावण्यापूर्वी वरून पाण्याची धार सोडून प्रत्येक सांधा तपासतात. भरीव रिव्हेट बसवणे हे तर एकट्याचे कामच नव्हे. बाहेरचा माणूस हवेच्या हातोड्याने ठोकतो, आतला रिव्हेटच्या शेपटीला पोलादी ठोकळा लावून धरतो. मध्ये पत्रा असल्याने दोघे एकमेकांना दिसत नाहीत. ठीक बसला की नाही, ते खुणेच्या ठोक्यांनी कळवायचे.

खरा वाद येतो तो चकाकीपाशी. जुन्या ट्रेलरांचा पत्रा जेमतेम ०.८ मिलिमीटर जाडीचा. मजबुतीसाठी त्या ॲल्युमिनियमात तांबे मिसळलेले असते. पण तांब्यामुळे तो लवकर गंजतो, म्हणून दोन्ही अंगांनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. हा थर माणसाच्या केसाहूनही बारीक. आरशासारखी झळाळी आणण्यासाठी लोकरी चकतीने पत्रा घासला की दर खेपेला या संरक्षक थराचाच काही अंश जातो. आपल्या देवघरातले चांदीचे टाक आठवावेत. पिढ्यानपिढ्या भक्तिभावाने घासून त्यांवरच्या देवांचे नाकडोळे पुसट झालेले असतात. झिजवणारे हात प्रेमाचेच होते, हे त्यातले दुःख.

याच्या दुसऱ्या टोकाला आतले सारे काढून टाकण्याची चाल आहे. कित्येक जुने ट्रेलर आतून पोकळ करून त्यांचे उपाहारगृह केले गेले. बाहेरून ते लखलखतात. आतली बाकडी, कपाटे, लहानशी मोरी मात्र उकिरड्यावर गेलेली असते. जपणुकीचे निराळे उदाहरण चांद्रमोहिमांचे आहे. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या तिघा वीरांना ज्या बंदिस्त खोलीत ठेवले, ती एअरस्ट्रीमचेच कवच वापरून केली होती. तशीच अपोलो-१२ मोहिमेची खोली पुढे विस्मृतीत गेली आणि २००७ साली अलाबामातील एका मत्स्यबीज केंद्रात सापडली. आज ती हंट्सव्हिलच्या अवकाश संग्रहालयात आहे. संग्रहालयातल्या वस्तूला पुन्हा पाऊस झेलायचा नसतो. रस्त्यावर जाणाऱ्या घराला तो झेलावाच लागतो. म्हणून दोहोंची दुरुस्ती एकाच मापाने मोजता येत नाही.

प्रस्तुत लेखकास असे वाटते की, या कारागिरांपैकी जे विचारी आहेत त्यांची रीत ग्राह्य आहे. जे कुजले ते निःसंकोच बदलावे, पण त्याचे माप जुन्यावरून घ्यावे. जे शाबूत आहे त्याला चकाकीच्या मोहाने झिजवू नये. आणि काय बदलले याची नोंद पुढच्या मालकासाठी ठेवावी. दोनशे वर्षांपूर्वी राहुट्या सोडून वाड्यांत आलेल्या आपल्या घराण्यांनाही वाडा, दफ्तर आणि भाषा यांविषयी हाच निर्णय वरचेवर घ्यावा लागतो. दर्शनी भाग पाहुण्यांना दिसतो आणि त्याला दिवाळीत रंगही लागतो. पण जमिनीची कड कोणी तपासली आहे का, हे घरच्यांनाच ठाऊक असते. ओहायोतला तो कारागीर हाती आरी घेऊन आधी तेथेच बसतो.