शिडाच्या बोटीतला संडास

आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत त्याचं नाव काढलं की पदर आधी नाकाला जातो. विषय आहे संडासाचा, तोही शिडाच्या बोटीतल्या.

आपल्या कळंबच्या उत्तरेला अर्नाळा, दक्षिणेला वसईचा किल्ला आणि पूर्वेला सोपारा, म्हणजे जुनं शूर्पारक बंदर. या किनाऱ्याचा इतिहास आपण शिकतो तो सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा, पोर्तुगीजांचा आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकलेल्या वसईचा. एवढी जहाजं आली-गेली, पण त्यांवरची माणसं सकाळी कुठे जायची, हे शाळेच्या पुस्तकात येत नाही. बाईला मात्र हाच प्रश्न आधी सुचतो. आमच्यातल्या कितीतरी जणींच्या आया-आज्या उजाडायच्या आत, दोघी-तिघी मिळून सुरूच्या बनाकडे जायच्या. दिवसा जायला लागू नये म्हणून पाणीसुद्धा बेतानं प्यायच्या. तेव्हा बोटीवर बाईनं काय करायचं, हा प्रश्न आमच्या दृष्टीनं इतिहासाचाच आहे.

युरोपातल्या जुन्या जहाजांवर खलाशांची सोय नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला असायची. भोकं पाडलेल्या फळ्या आणि खाली समुद्र. ती जहाजं बहुतेक वेळा मागून येणाऱ्या वाऱ्यावर चालत, त्यामुळे वास पुढे निघून जाई आणि लाटा फळ्या धुऊन काढत. जहाजाच्या त्या टोकाला इंग्रजीत ‘हेड’ म्हणत, म्हणून बोटीतल्या संडासाला इंग्रजीत आजही ‘हेड’ म्हणतात. कप्तान आणि अधिकारी यांच्यासाठी पिछाडीला बंद खोली असे. अरबी आणि कच्छी गलबतांवर पिछाडीबाहेर एक लाकडी पेटी टांगलेली असे. सगळं उघड्या हवेत असल्यामुळे त्या जागेला वासाची अडचण फारशी नव्हती. अडचण होती ती आडोशाची.

तो आडोसा एका बाईला कसा मिळाला ते ऐका. झान बारे ही फ्रान्समधल्या खेड्यातली बाई. वनस्पतींची चांगली जाण असलेली. १७६७ साली ती पुरुषाचा वेश करून ‘एत्वाल’ नावाच्या फ्रेंच जहाजावरून निघाली, कारण नौदलाच्या जहाजावर बाईला मनाई होती. कॉमर्सन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाचा मदतनीस म्हणून ती गेली. त्याचं सामान इतकं होतं की कप्तानानं आपली मोठी खोली या दोघांना दिली. त्या खोलीला स्वतंत्र संडास होता. खलाशांच्या सामायिक फळीवर तिला बसावं लागलं असतं, तर तिचं सोंग किती दिवस टिकलं असतं? पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतात. त्या प्रवासामागे एका बंद दाराचाही वाटा आहे.

पण दार बंद झालं की वास आत कोंडतो. जहाजाच्या पोटात तर तो आधीपासून होताच: तळाला साचलेलं पाणी, दाटीवाटीनं झोपलेली माणसं, ओले कपडे. अठराव्या शतकात लोक समजत की रोग या घाणेरड्या हवेतूनच होतो. म्हणून जहाजाच्या आतल्या फळ्या व्हिनेगरनं धूत, आत धूर करत. १७४० च्या दशकात स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्री-शास्त्रज्ञानं जहाजात ताजी हवा खेळवायला भाते तयार केले. रोगाचं कारण त्यांना नीट कळलं नव्हतं, पण हवा खेळती ठेवायचा उपाय चांगलाच होता.

पुढे हातपंपाचा संडास आला आणि छोट्या शिडाच्या बोटीतही दाराआडची सोय झाली. समुद्राचं पाणी पंपानं आत घ्यायचं आणि घाण बाहेर ढकलायची. नवा वास सुरू झाला तो इथे, आणि त्याची कारणं समजायला वेळ लागला.

पहिलं कारण म्हणजे समुद्राचंच पाणी. त्यात बारीक जीव असतात. बोट दोन-चार दिवस बंद राहिली की नळीतल्या पाण्यात ते मरून कुजतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. लोक संडासाला दोष देतात, पण वास येतो तो नळीत उभ्या राहिलेल्या पाण्याचा. उपाय सोपा: बोट बंद करण्याआधी शेवटचं पाणी गोडं घालायचं आणि नळी पूर्ण रिकामी होईपर्यंत पंप मारायचा.

दुसरं कारण टाकी. बंदराजवळ घाण पाण्यात सोडायला अनेक देशांत बंदी आहे, म्हणून बोटीत टाकी बसवतात. टाकीत हवा गेली नाही की मैला कोंडून कुजतो आणि घाण वायू होतो. तिची हवेची नळी मिठानं किंवा किड्यांच्या घरट्यानं बुजलेली असते. ती साफ केली की निम्मं काम होतं.

तिसरं कारण जुनी नळी. वास तिच्या अंगात मुरतो. ओळखायचं कसं? गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीभोवती गुंडाळायचं, थंड झाल्यावर हुंगायचं. फडक्याला वास आला, तर नळी बदलण्याला पर्याय नाही. नळीत आतून जो पांढरा थर धरतो, तो लघवी आणि खाऱ्या पाण्यातल्या क्षारांचा. त्याला रात्रभर व्हिनेगर घालून ठेवतात. जुन्या खलाशांचा व्हिनेगर असा परत कामाला आला, पण आता कारण ठाऊक आहे. एक मात्र बजावून सांगतो: व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हे घरातही लागू आहे.

आता आपल्या काळात या. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ ही ५६ फुटांची शिडाची बोट निघाली. बांधणीही गोव्याचीच. तिच्यावर नौदलाच्या सहा अधिकारी होत्या: वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. २१ मे २०१८ रोजी त्या पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. आठ महिन्यांहून अधिक काळ सहाजणी आणि एक बोट. तिथे पंप बिघडला तर प्लंबर येत नाही. झान बारेला जे लपवावं लागलं, ते या सहाजणींना लपवावं लागलं नाही. त्या स्वतःच्या नावानं गेल्या आणि बोटीची सगळी कामं त्यांनीच केली.

आपल्या घरी बोट नसेल, पण शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक आहे. वास आला की आपण डांबरगोळी टाकतो, उदबत्ती लावतो. त्यानं वास झाकला जातो, कारण तसंच राहतं. पावसाळ्याआधी तीन गोष्टी बघा. टाकीचा हवेचा पाइप छपराच्या वर आहे का आणि त्याची जाळी मोकळी आहे का? भांड्याखालच्या वाकड्या नळीत पाणी उभं आहे का? ते पाणीच वायूला अडवतं. बंद खोलीतला संडास महिनाभर वापरला नाही, तर ते आटतं. एक बादली पाणी घाला. आणि टाकी शेवटची कधी उपसली, ते घरात कुणाला आठवतं का?

घरातल्या पुरुषमाणसांनाही हे बघायला लावा. वास सगळ्यांनाच येतो, मग साफसफाई एकटीनं का करायची?