नाण्याची अंगठी
नाण्याची अंगठी : धातूचे नाणे न वितळविता ठोकून व कानसून घडविलेली अंगठी. चांदी मऊ व घनवर्धनीय असल्याने चांदीची नाणी या कामास विशेष सोयीची ठरतात. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) खंदकांतील सैनिकांनी तोफगोळ्यांच्या ॲल्युमिनियमाप्रमाणेच नाण्यांच्याही अंगठ्या केल्या. अमेरिकेत १९६४ पर्यंतच्या अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी असल्यामुळे तेथे ते नाणे पसंत केले जाई.

जुन्या रीतीत नाणे ऐरणीवर उभे धरून त्याची कड चमच्याच्या पाठीने किंवा लहान हातोडीने हलकेच ठोकतात व नाणे सतत फिरवीत राहतात. त्यामुळे व्यास घटतो, कड रुंदावते व तिच्यावरील दाते नाहीसे होतात. मग मधला भाग भोक पाडून काढतात आणि कानशीने बोटाचे माप साधतात. काठालगतची अक्षरे पुष्कळदा अंगठीच्या आतल्या बाजूस शिल्लक राहतात. दुसऱ्या रीतीत आधी भोक पाडून नाणे निमुळत्या पोलादी दांडीवर ठोकतात. ठोकण्याने धातू कठीण होऊन तडकू लागतो. म्हणून तो अधूनमधून तापवून मऊ करतात.

भारतात नाणी वितळविण्यास वा नष्ट करण्यास २०११ च्या नाणे अधिनियमाने मनाई आहे; अमेरिकेत फसवणुकीच्या हेतूने केलेला फेरफारच गुन्हा ठरतो. मात्र कायद्याने मोकळीक असली, तरी नाण्यावरील साल व टांकसाळीचे चिन्ह हा इतिहासाचा पुरावा असतो. तो एकदा कापला गेला की परत मिळत नाही. म्हणून दुर्मिळ नाणी या कामी वापरणे इष्ट नव्हे.