चामड्याच्या वहीमागचा हिरडा

हातानं शिवलेली, चामड्याच्या वेष्टनाची चित्रवही ही अलीकडे हौसेनं भेट द्यायची वस्तू झाली आहे. गोव्यात पर्यटकांच्या दुकानांतही ती मांडलेली असते. अशी वही करायला लागतं तरी काय? जाड कागद, पुठ्ठा, मेण लावलेला दोरा, सुई, भोकं पाडायला दाभण, कातड्याची कड पातळ करायला चांभाराची रापी, घडी दाबायला हाडाची पट्टी, खळ आणि शिकंजा. खळीत थोडा मोरचूद घातला की तिला कसर लागत नाही. दुमडलेले चार-पाच कागद एकात एक घातले की त्याला बाइंडर जुज म्हणतात आणि अशा घड्या एकमेकींना शिवून जोडणं म्हणजे जुजबंदी. हे सगळं बाजारात मिळतं, आणि चार-सहा वह्या बिघडल्या की हातही बसतो. पण वेष्टन किती वर्षं टिकणार, हे हाताच्या सफाईपेक्षा कातडं कोणत्या झाडाच्या रसात कमावलं यावर जास्त ठरतं.

त्यासाठी आपण जरा दूर, मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडे जाऊ. मराठी महाराष्ट्राबाहेरही नांदते हे गोमंतकीय वाचकाला वेगळं सांगायला नको. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्या जिल्ह्यातले हे दोन मराठी तालुके. २०२३ मध्ये त्यांचाच वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. खाली संत्र्याच्या बागा आणि कापूस, वर सातपुड्याचं जंगल. घरात मराठी, कचेरीत हिंदी.

हिंदीत पुस्तकाच्या बांधणीला 'जिल्द' म्हणतात. शब्द अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे कातडी! 'जुज'ही अरबीच. आपल्या पोथीला मात्र कातडं चालत नसे. सुटी पानं, वरखाली लाकडी फळ्या आणि भोवती कापडी बासन, ही आपली रीत. चामडी बांधणीचं पुस्तक आपल्याकडे आलं ते देशावर मुसलमानी अमलाबरोबर आणि गोव्यात पोर्तुगीजांबरोबर. गोव्यात तर १५५६ सालीच छापखाना सुरू झाला होता.

बांधणीची रीत बाहेरून आली, पण कातडं टिकवायचं द्रव्य इथल्याच रानात होतं. ते म्हणजे हिरडा. छिंदवाड्याच्या वरच्या अंगाला, तामिया-पातालकोटच्या रानात, हिरडा गोळा करणं हा आदिवासींच्या कमाईचा जुना भाग आहे. वाळलेल्या हिरड्यात वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा टॅनिन असतं. गावोगावचे ढोर कातडं चुन्यात भिजवून केस काढत, मग त्याची पिशवी शिवून टांगत आणि तीत बाभळीची साल व हिरडा यांचं पाणी भरत. ते पाणी झिरपता झिरपता कातडं पक्कं होई. याच हिरड्यात हिराकस मिसळला की काळी शाई होते. म्हणजे लिहिणं आणि बांधणं, दोन्हीकडे हिरडा हजर!

इंग्रजी अमलात हा हिरडा पोत्यांनी विलायतेला जाऊ लागला. व्यापारात त्याच्या प्रती गावांच्या नावांनी ओळखल्या जात. मध्य प्रांताचा माल 'जबलपूर', आंध्र किनाऱ्याचा 'बिमली', आणि सह्याद्रीतल्या एका प्रतीचं नाव होतं 'विंगोर्ला'. हे आपल्या शेजारचं वेंगुर्ला बंदर!

त्याच सुमारास लंडनच्या ग्रंथालयांत एक विचित्र गोष्ट दिसत होती. जुन्या बांधणीची पुस्तकं धडधाकट, आणि १८६० नंतरच्यांच्या पाठीची मात्र तांबडी भुकटी होत होती. १९०० साली तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं एक समिती नेमली. तिचा पहिला अहवाल १९०१ मध्ये आला. दोष निघाला तो रंगवताना वापरलेल्या गंधकाम्लाचा, गॅसच्या दिव्यांच्या धुराचा आणि काही झाडांच्या सालीचा. त्यात भारतातून जाणारी, तरवडाच्या सालीनं कमावलेली शेळ्या-मेंढ्यांची कातडी फार वाईट ठरली. सर्वांत उत्तम ठरला भूमध्य समुद्राकडचा सुमाक. हिरड्यातलं टॅनिन त्याच जातीचं. तरवड आणि बाभूळ दुसऱ्या जातीची. चपलेला किंवा मोटेला ती उत्तम, पण पुस्तकाला शंभर वर्षं जगायचं असतं.

पण कातडं कमावणाऱ्या हातांना पोथी शिवायची मुभा नव्हती. टिकाऊपणाचं ज्ञान ज्यांच्याकडे होतं ते अक्षरापासून दूर ठेवले गेले, आणि अक्षरवाल्यांनी त्यांचं ज्ञान टिपून ठेवलं नाही. म्हणून कोणता रस पुस्तक राखतो, हे आज आपल्याला लंडनच्या अहवालात वाचावं लागतं.

ही दरी बुजवायचा एक प्रयत्न पांढुर्ण्याच्या दक्षिणेला, वर्ध्याला झाला. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. त्याच्या मगनवाडीत हातकागद तयार होऊ लागला, आणि जवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या गुरांचं कातडं कमावण्याचं चर्मालय चालवलं. चांगल्या वहीचा कागद आणि तिचं कातडं, दोन्ही एकाच गावाच्या परिसरात! पुढे क्रोमनं कमावलेलं स्वस्त कातडं सगळीकडे पसरलं. ते लवचिक असतं, पण त्यावर ठसा नीट उठत नाही आणि रापीनं कड काढणंही कठीण जातं.

तेव्हा पुढच्या वेळी चामड्याची वही हाती घ्याल तेव्हा नक्षी मागाहून पाहा. आधी दुकानदाराला विचारा, कातडं कशात कमावलंय? हिरडा म्हणाला तर नातवंडांसाठीही ती खुशाल घ्या.