पियानोच्या हातोड्या आणि स्वावलंबनाचा प्रश्न : मुंबई-ट्रॉम्बेच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

मुंबईतील पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात वादक, वाद्यवृंद व सभागृहे यांची दखल घेतली जाते. वाद्य वाजते ठेवणाऱ्या कारागिराची मात्र क्वचितच घेतली जाते. ग्रँड पियानोच्या झिजलेल्या हातोड्या बदलणे हे असेच एक उपेक्षित काम होय. या कामाचे स्वरूप स्पष्ट करून स्वातंत्र्योत्तर स्वावलंबनाच्या धोरणाशी असलेला त्याचा संबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

फ्लोरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने इ.स. १७०० च्या सुमारास पियानो घडविला. पट्टी पूर्ण वर येण्यापूर्वीच पुन्हा आघात करू देणाऱ्या यंत्रणेचे पेटंट एरार घराण्याने १८२१ मध्ये घेतले. १८२६ मध्ये पाप याने हातोडीवर चामड्याऐवजी नमदा वापरला. मुंबईत १८६५ पासून फुर्टाडो यांची पेढी वाद्यव्यापारात आहे. १९३५ मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. पारशी व गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबांनी ही परंपरा जोपासली.

कामाचे स्वरूप

सततच्या आघाताने नमद्यावर तारांच्या खाचा पडतात, तो कडक होतो आणि नाद कर्कश बनतो. पावसाळ्यात दमट हवेने सांध्यांतील कापड फुगते व हातोडी अडकते. कसर नमदा खाते. हातोड्या साधारणपणे ८८ असतात. प्रथम प्रत्येक विभागाच्या दोन टोकांना नमुन्याच्या हातोड्या बसवून त्यांच्या रेषेत उरलेल्या सरसाने चिकटवितात. आघाताच्या क्षणी हातोडी तारेला काटकोनात असावी लागते. वरच्या स्वरांत आघाताची जागा थोडी जरी चुकली तरी नाद दबतो.

त्यानंतर मेळ साधावा लागतो. हातोडी व तार यांतील अंतर सुमारे ४५ मिलिमीटर, पट्टीची खोली सुमारे १० मिलिमीटर, आणि तारेपासून सुमारे दीड-दोन मिलिमीटरवर हातोडीची यंत्रणेपासून सुटका, अशी सर्वसाधारण मापे आहेत. एक माप बदलले की दुसरे बिघडते. म्हणून संपूर्ण क्रम दोन-तीन वेळा करावा लागतो. नवी हातोडी जड असल्यास पट्टीही जड होते. अखेरीस नमद्यात सुया टोचून नाद मृदू व एकसारखा केला जातो.

ट्रॉम्बे आणि स्वावलंबन

१९५४ मध्ये ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा आस्थापना उभी राहिली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिची उभारणी भारतीय अभियंत्यांनी केली. इंधन मात्र ब्रिटनमधून आले. या कार्याचे प्रणेते डॉ. होमी भाभा पाश्चात्त्य संगीताचे रसिक होते; त्यांचे बंधू जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राची स्थापना झाली.

स्वावलंबनाच्या त्याच धोरणाची दुसरी बाजू म्हणजे आयातीवरील निर्बंध. चैनीच्या वस्तूंसाठी परकीय चलन मिळणे दुरापास्त होते. अशा स्थितीत जुना नमदा घासून पुन्हा आकार देणे, दुसऱ्या निकामी वाद्यातील भाग वापरणे, किंवा वाद्य मिटवून ठेवणे, एवढेच पर्याय उरतात. १९९१ नंतर निर्बंध शिथिल होत गेले व २००१ मध्ये उरलेले संख्यात्मक निर्बंधही उठले. आज जर्मनीतील आबेल वा रेनर यांसारख्या उत्पादकांच्या हातोड्या मागविता येतात. तथापि, हातोडी विकत मिळते; ती बसविणारा हात विकत मिळत नाही. ‘अप्सरे’प्रमाणेच येथेही साहित्य परके आणि कौशल्य स्वदेशी, असे साम्य दिसते. फरक इतकाच, की प्रयोगशाळेतील कौशल्याची संस्थात्मक नोंद झाली. दुरुस्तीच्या बाकावरील कौशल्य बहुतांशी मौखिकच राहिले.

समारोप

हातोड्या बदलल्यावर वाद्याचा मूळ नाद काही अंशी कायमचा जातो. न बदलल्यास वाद्यच मुके होते. म्हणून काढलेल्या हातोड्या क्रमांक घालून जपणे व नवी-जुनी मापे लिहून ठेवणे आवश्यक ठरते. अशी नोंद हे संगीताच्याच नव्हे, तर तंत्रज्ञानाच्या इतिहासाचेही साधन होय. कारागीर हयात असतानाच ते जमा झाले पाहिजे.